गीझरलाही श्वास लागतो

मित्रांनो, सिंगापूरच्या चोआ चू कांग भागातल्या एका फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेला मी जुना गॅस गीझर. कारखान्यात माझ्या पोटात तांब्याची नळी बसवली, खाली बर्नर लावला आणि मला पेटवून पाहिलं, तेव्हा मी स्वतःच थक्क झालो. एका टोकाला गार पाणी शिरतं आणि दुसऱ्या टोकाला वाफाळत निघतं! तुम्ही म्हणाल, गॅसची करामत. साफ चूक. गॅस एकटा काही करत नाही, त्याला हवा लागते. ती दिसत नाही, म्हणून तिचं नाव कोणी घेत नाही. शेजारच्या खिडकीच्या झडपांतून ती आत यायची आणि माझी ज्योत निळीशार व्हायची. इतकी वर्षं पाहतोय, अजून डोळे दिपतात.

घर सुगतचं. तो जुरोंग आयलंड या बेटावर तेलाच्या रिफायनरीत भट्ट्या सांभाळतो. त्याची बायको दीक्षा बाळंत झाली आणि तिची आई नंदा नागपूरहून आली. रोज सकाळी दीक्षाला आणि बाळाला तेल लावून कढत पाण्यानं न्हाऊ घालायची. नंदा माझ्या अंगावर थाप मारून म्हणायची, "चूल नाही, बंब नाही, आन् पानी कसं चटके देते पाहा! गुणाचा आहे बापा." कौतुकानं कोण फुलत नाही?

तो २०१३ चा जून. सुमात्रातली जंगलं जळत होती आणि त्यांचा धूर सिंगापूरवर येऊन बसला होता. समोरचा ब्लॉक दिसेना. नंदाचा झडपांवर आधीच राग. "बाळंतिणीले वारा लागते ना, जावईबुवा!" सुगतला बाळाच्या छातीची काळजी. त्यानं झडपांवर रुंद टेप मारली, नंदानं उरल्यासुरल्या फटींत चिंध्या कोंबल्या. दोघंही खूश. भट्टीला हवा कमी पडली की रिफायनरी डोक्यावर घेणारा हा माणूस! घरी मात्र शिकलेलं सगळं बुटांबरोबर दाराबाहेर.

तो रात्रपाळीला गेला. सकाळी नंदानं आंघोळीचं पाणी सोडलं आणि माझा जीव घुसमटला. ज्योत लांबली, पिवळी पडली, काजळी ओकू लागली. जळकी हवा बाहेर न जाता घरातच उतरली. कार्बन मोनॉक्साइड म्हणतात त्या विषाला; त्याला वास नाही, रंग नाही. मी ओरडणार कसा?

न्हाणीतून दीक्षा म्हणाली, "आई, डोकं फुटतंय गं."

"बाळंतपणात होतेच. बस गुमान." पण नंदाचेही हात लटपटत होते. आणि बाळ रडायचं थांबलं होतं.

तेवढ्यात सुगत घरी आला. "आई, चहा टाकू का—" माझ्या काचेकडे नजर गेली आणि तो पांढराफटक पडला. "ज्योत पिवळी! पाणी बंद करा! बाहेर निघा!"

"अहो, लेकरू ओलं आहे, वारा—"

"लागू द्या वारा! पाया पडतो, निघा!"

त्यानं गॅस बंद केला, बाळाला छातीशी धरलं आणि दोघींना ओढत कॉरिडॉरमध्ये नेलं. तिथल्या धुरकट हवेत बाळानं तोंड उघडलं आणि अख्खा मजला हलवून सोडला. वीतभर छाती, आणि केवढा तो आवाज! माझ्या आयुष्यात मी याहून मोठं आश्चर्य पाहिलं नाही.

दवाखान्यात तिघांना प्राणवायू दिला आणि सगळे सुखरूप परतले. मग मेकॅनिक आला. त्यानं माझी काजळी खरवडली, बर्नर साफ केला, धुराची नळी तपासली आणि दटावलं, "विंडो क्लोज, कॅनॉट लाह!" म्हणजे, खिडकी बंद ठेवून चालायचं नाही!

नंदा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "काहून रे, सांगता येत नव्हतं?"

"सांगत होता, आई," सुगत हळूच म्हणाला. "आपण बघितलं नाही."

आता न्हाणीचं दार घट्ट लागतं आणि स्वयंपाकघराच्या झडपा सताड उघड्या असतात. मित्रांनो, दरवर्षी आमचं पोट उघडून साफ करा. आणि जिथं आग जळते तिथली हवा कोंडू नका, मग बाहेर धूर असो की थंडी. लेकरावर माया करायची ना? मग खिडकी उघडी ठेवून करा.