इमामाच्या मागची जागा

सळईला गुंडाळलेला दोरा पुन्हा सुटला होता — अक्षरांवरून फिरून फिरून झिजलेली लाकडी सळई... उस्तादाने दोऱ्याचं टोक अंगठ्याखाली दाबलं आणि मुलींच्या पाठाकडे कान दिला. कान होता, मन नव्हतं. मन पहाटेच्या नमाजेत अडकून बसलेलं.

तो नवा इमाम. नवा कसला डोंबलाचा! बारा वर्षं माझ्यासमोर मांडी घालून कुरआन पाठ केला त्याने. निवडणुकीत दुसऱ्या गटाच्या त्या लोकांची सरशी झाली, मशिदीची समिती बदलली, आणि समितीने जुन्या इमामांना घरी बसवून याला उभं केलं. हाही उभा राहिला, मला एका शब्दाने न विचारता... आणि पहाटे अडकला. एकच आयत दोनदा म्हटली, तिसऱ्यांदा म्हटली, थांबला. अशा वेळी मागच्याने पुढचा शब्द सांगायचा असतो. त्याच्या बरोब्बर मागची जागा माझी, आणि ती माझी आहे ती एवढ्याचसाठी. शब्द जिभेवर होता. मी गप्प राहिलो. तो पुढचं सगळं सोडून देऊन रुकूत वाकला, तेव्हा मला बरं वाटलं — हो, बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

घरी बायकोने लाऊडस्पीकरवर सगळं ऐकलेलं. "अहो, तुम्हीच शिकवलंत ना त्याला?" एवढंच म्हणाली. तुला काय कळतंय त्यातलं, म्हणून उस्ताद तिच्यावर खेकसला आणि चहा न पिताच मदरशात आला.

समोरचा आवाज थांबला होता. समितीच्या अध्यक्षाची लेक तिसऱ्याच आयतीवर अडली होती. वर्गात शेजारणीने शब्द सांगायचा, ही त्यानेच लावलेली पद्धत. शेजारी जुन्या इमामांची नात; हे पान तिने कालच घडाघडा म्हणून दाखवलेलं. ती ओठ मिटून त्याच्याकडे बघत होती.

"सांग की तिला," तो वैतागून म्हणाला.

"सांगू?"

"म्हणजे काय? रोज सांगतेस ना?"

"अब्बा म्हणाले, पहाटे उस्तादांनीपण नाही सांगितलं. त्या लोकांना आपण सांगायचं नसतं म्हणे."

आवाजात उद्धटपणा नावाला नव्हता. नियम बदलला असेल तर तसं सांगा, इतकं साधं विचारत होती ती. त्याचे कान तापले. हिच्या बापाला अक्कल नाही, समितीला लाज नाही, आणि तो गधडा — बारा वर्षं पाठ केलेलं ऐन वेळी विसरतो... राग सगळ्यांच्या दारांवरून फिरून आला आणि त्याच्यापाशीच येऊन बसला.

शेवटी त्यानेच शब्द सांगितला. सांगितला कसला, पुटपुटला. अध्यक्षाच्या लेकीने तो उचलला नाही. तिने हलकेच कुरआन मिटला.

"राहू द्या उस्ताद. मी घरून पक्कं करून येते. म्हणजे कुणी सांगायला नको."

एरवी अशा उत्तरावर त्याने शाबासकी दिली असती. आता तिला थांब म्हणावं, तर कुठल्या तोंडाने, हे त्याला कळेना. आणि तिसरी मुलगी, चौथी मुलगी, सगळ्याच आपापल्या पानावर बोट ठेवून, एकमेकींकडे न बघता, हळू आवाजात पाठ करू लागल्या होत्या.