उलटा पीळ

माझी नणंद दगड घडवते. दारांचे उंबरे, नावाच्या पाट्या, बागेतली बाकं, असलं काम. शिकली सासऱ्यांकडून. सासरे चाळीस वर्षं याच धंद्यात होते. सात वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेले. तेव्हापासून ते कारखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि नुसत्या आवाजावरून सांगतात, छिन्नीची धार गेलीय. कौतुक त्यांच्या तोंडून सहसा निघत नाही. फारच खूश झाले तर म्हणतात, "चालेल."

गेल्या वर्षी नगरपालिकेने जाहीर केलं, नदीकाठच्या पायवाटेवर दोन पुलांच्या मधे नऊ शिल्पं बसवायची, कोणीही नमुना पाठवावा. नणंदेने मातीचा नमुना केला. होडी बांधायच्या जाडजूड दोराचं वेटोळं, एकावर एक चढत गेलेलं. पूल नव्हते तेव्हा नदीवर होड्याच चालायच्या, त्यांची आठवण. दगडात करायचं, आणि एवढं मोठं की चार माणसं ऐसपैस बसतील.

माझा नवरा म्हणाला, "अगं, तिथे नावाजलेले शिल्पकार येणार. आपण उंबरे करणारी माणसं."

"दादा, तू फक्त लिफाफ्यावर पत्ता लिही. तुझं अक्षर बरं आहे," ती म्हणाली.

निवड झाली. काळा दगड आला, तो आत नेण्यासाठी फाटकाची एक बाजू काढावी लागली. पाच महिने ती सकाळी आठला कामाला लागायची ती दिवेलागणीला थांबायची. मी शिवणकाम करते, माझं मशीन वरच्या खोलीत. तिची ठकठक थांबली की मला कळायचं, चहाची वेळ झाली.

बसवायला तीन आठवडे उरले तेव्हा तिने सासऱ्यांना हाताला धरून दगडापाशी नेलं. ते दोरावरून तळवा फिरवत निघाले. तीन पेडांचा दोर, प्रत्येक पेड सारख्या तिरकेपणाने वळलेला. मागच्या बाजूला त्यांचा हात थांबला. पुढे गेला, परत मागे आला.

"इथे पीळ उलटा गेलाय."

नणंदेने खाली बसून पाहिलं आणि त्या जागेवरून बोट फिरवलं. त्या बाजूचं काम तिने पलीकडून, उलट्या अंगाने केलं होतं. वीतभर जागेत पेड डावीकडे वळायचे ते उजवीकडे वळले होते.

माझ्या नवऱ्याने डोळे बारीक करून पाहिलं. "कोणाच्या बापाला कळणार नाही," तो म्हणाला.

"कळलं की," सासरे म्हणाले.

मला हसू आलं, पण नणंदेचा चेहरा बघून मी ते आवरलं. पीळ सुलटा करायला तेवढीच वीत खोल कोरली तर खड्डा दिसला असता. त्यामुळे वरचं अख्खं वेटोळं दोन बोटं खाली घ्यावं लागणार होतं. "तीन आठवड्यांत होईल का हो, ताई?" मी विचारलं. ती उठली, पदर खोचला आणि खडूने खुणा करायला लागली.

ते तीन आठवडे दोघं बापलेक एकत्र राबले. ती घडवायची, ते हात फिरवायचे. "अजून केसभर," ते म्हणायचे, आणि केसभर म्हणजे किती ते तिला बरोबर कळायचं. तिचं मनगट सुजलं, मी रोज शेकून पट्टी बांधली. क्रेन यायच्या आदल्या दुपारी सासऱ्यांनी शेवटचा हात फिरवला. चांगली वीस मिनिटं. मग म्हणाले, "धुऊन घे आता."

उद्‌घाटनाला आम्ही सगळे गेलो. दोर नदीकडे तोंड करून बसला होता, ऊन पडून काळा दगड निळसर दिसत होता. सासरे पुढे झाले, हात टेकवला, तोच रखवालदार आला. "आजोबा, हात लावायचा नाही." त्याने बोट दाखवलं. नवी कोरी पाटी: स्पर्श करू नये.

नणंद तडक नगरपालिकेच्या अधिकारी बाईंकडे गेली. आवाज चढवला नाही.

"नियम नऊही शिल्पांना सारखा आहे," बाई म्हणाल्या. "हाताच्या घामाने धातूवर डाग पडतात."

"हा दगड आहे, बाई. याला घामाचं वावडं नाही. माणसांनी बसावं म्हणूनच केलाय. नमुन्यासोबतच्या कागदावर तसं लिहिलंय, आणि खाली तुमची सही आहे."

बाईंनी फाइल मागवली. वाचली. मग स्वतः जाऊन पाटी उपटली आणि रखवालदाराच्या हातात दिली. "चुकलंच आमचं," म्हणाल्या.

सासऱ्यांनी दोराला पूर्ण फेरी घातली. माणसं आपोआप बाजूला होत गेली. शेजारी उभ्या एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "कोणी केलंय हो हे?"

"माझ्या मुलीने," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "शिकवलं मी. पण हे मला जमलं नसतं."

नणंद तेव्हा एका वार्ताहराला काहीतरी सांगत होती. ते तिच्या कानावर पडलं. तिने सुजलेलं मनगट दुसऱ्या हातात धरलं आणि ती नदीकडे बघत उभी राहिली. माझा नवरा उगाच चष्मा पुसत होता.

आता दर रविवारी मी सासऱ्यांना तिथे घेऊन जाते. बसमध्ये चढले की ते कंडक्टरला सांगतात, "दोराच्या थांब्यावर सोडा." थांब्याचं पाटीवरचं नाव वेगळंच आहे. पण परवा आम्ही काही बोलायच्या आत कंडक्टरनेच घंटी वाजवली आणि पुकारा केला, "चला, दोरवाले उतरा."