बिरजूचा धोंडा

या, असे जवळ सरकून बसा. टाळ जरा मांडीवर राहू द्या, भजन कुठं पळत नाही. आधी एका बाईची गोष्ट सांगतो.

एटापल्लीकडच्या जंगलगावची सोमारी. तिचा नवरा बिरजू मिरची तोडायला नदीपलीकडं तेलंगणात गेला आणि तिथंच तापानं गेला. सोबतच्यांनी तिथंच माती दिली. त्यांच्या गावची रीत अशी, की गेलेल्याच्या नावानं शिवेवर धोंडा उभा करायचा, आणि तो भावानं खांद्यावर आणायचा. भाऊ एकच, बुधू, खाणीच्या ट्रकवर. "येतो ना वैनी, पुढच्या हप्त्यात." तो हप्ता काही उगवला नाही. सगळ्यांचे धोंडे उभे, बिरजूची जागा तेवढी रिकामी. त्या वाटेनं जाताना सोमारी मान खाली घाली.

अशात बचत गटाची सहल निघाली. आधी सिरोंच्याकडचं दगड झालेल्या झाडांचं उद्यान, मग नदीचा घाट. घाटाचं नाव ऐकलं नि सोमारी तयार झाली. ओढ्यातला वीतभर उभट धोंडा तिनं बिरजूच्या खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळून थैलीत घातला. काठावर ठेवू, पलीकडून त्याला दिसेल. सांगितलं मात्र कुणालाच नाही. सांगावं तर घराची अब्रू जाते.

उद्यानात ऊन भाजून काढत होतं. जमिनीवर ओंडके पडलेले. साल दिसते, गाठ दिसते, हात लावावा तर दगड! माणूस जन्मायच्या कितीतरी आधी इथं रान होतं म्हणे. पांडुरंगाची करणी बघा, झाड राहिलं नि त्याची सावली गेली.

"सोमारी, ये ना व फोटोत!" गटाची अध्यक्ष नीलाबाई ओरडली. "दगडाईत दगड होऊन राह्यली का?"

सगळ्या खिदळल्या. सोमारीही हसली, नि एकटीच पुढं चालू लागली. बिरजू वाटेनं कधी मागं वळून बघत नसे, पण हिची पावलं थांबली की तोही थांबे. ती एका ओंडक्यापाशी थांबली. पुढं कुणीच थांबलं नाही.

निघताना फाटकावर चौकीदारानं थैल्या तपासल्या. दुपट्टा सोडला, तर आत धोंडा.

"काऊन बाई? पाटी वाचली नाई? इथला खडाबी न्यायचा नाई."

"इथला नोहे भाऊ. माह्या गावच्या ओढ्याचा हाय."

"गावचा धोंडा घेऊन कोणी सहलीले येते का?"

"खरं बोल व बाई," नीलाबाई कुजबुजली. "गटाचं नाव खराब होते."

सोमारीनं बोलावं तर दिराची लाज, न बोलावं तर धोंडा जातो. चौकीदारानं तो उचलून ओंडक्यांकडं पाऊल टाकलं, तेव्हा तिच्या तोंडून निघालंच.

"माहा माणूस हाय तो! त्याच्या भावानं उभा नाई केला. म्हणून मी नदीवर नेऊन राह्यली होती."

कुणी हसलं नाही. चौकीदार घोटाळला. "मले पटते, बाई. पण हा इथून बाहेर गेला, तं साहेब मलेच पुसन."

बसनं हॉर्न दिला. उशीर झालाय, घाट आता राहिला, असं ड्रायव्हर तिकडून सांगत होता.

सोमारीनं दुपट्टा तेवढा परत घेतला. "मंग आडवा नको टाकू, भाऊ. उभा ठेव."

त्यानं तेंदूच्या झाडाखाली टाचेनं माती उकरली, धोंडा उभा केला, चारी बाजूंनी दाबला. बस वळेपर्यंत सोमारी खिडकीतून बघत होती. नीलाबाई शेजारी येऊन बसली. तिनं चिवड्याची पुडी पुढं केली. सोमारीनं ती घेतली, पण उघडली नाही.

तिला पुन्हा तिकडं जाणं कधी व्हायचं, तो विठ्ठल जाणे. तुम्ही त्या बाजूला गेलात तर दगडाची झाडं डोळे भरून बघा. आणि तेंदूखाली वीतभर धोंडा उभा दिसला, तर क्षणभर थांबून 'बिरजू' म्हणा. तिथं जाणं नाही झालं, तर इथूनच म्हणा.