बारापर्यंत मोजलेली दोरी

मित्रांनो, दोहाच्या अल थुमामा भागातल्या एका घरात, कपाटामागच्या खिळ्याला काळपट हिरव्या दोरीचं एक वेटोळं टांगलेलं आहे. ती मी. आता जुनी झाले आहे, अंगाला भेगा पडल्या आहेत. पण एके काळी मी दुकानातली नवीकोरी, तुकतुकीत दोरी होते आणि त्याचा मला बराच तोराही होता.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. आत विणलेला धागा, त्यावर जड धातूची भुकटी मिसळलेलं मऊ वेष्टन. माझं काम एकच. डोंगरातल्या थंड नदीत ट्राउट नावाचा मासा तळाशी दगडाआड बसून राहतो, वर येत नाही. गळाला पिसांची खोटी माशी बांधतात, आणि ती माशी त्याच्या तोंडापर्यंत खाली न्यायची ती मी. आणि अशा दोरीला नशिबाने धाडलं कुठे, तर कतारमध्ये, जिथे नावालाही नदी नाही!

दोहाच्याच नजमा भागातल्या, गळ-दोऱ्या विकणाऱ्या एका लहानशा दुकानात रत्नागिरीकडचे कासमभाई विक्रेते होते. खाडीकाठी वाढलेला माणूस. लहानपणापासून गरवायला जायचे, म्हणजे गळ टाकून मासे धरायला. सुट्टीत मायदेशी जाणारे गोरे इंजिनिअर त्यांच्याकडून दोऱ्या घेत. कोणती दोरी किती लवकर बुडते हे दाखवायला कासमभाईंनी दुकानामागे एक निळं पिंप भरून ठेवलं होतं. दोरीचं टोक सोडायचं आणि तळ लागेपर्यंत मोजायचं.

१९९९ च्या मे महिन्यात शशिकांत नावाचे गॅस प्रकल्पातले इंजिनिअर दुकानात आले. मूळचे नाशिकचे. बरोबर त्यांची बारा वर्षांची मुलगी ओवी होती. कासमभाई फोनवर घरी मराठीत बोलत होते ते ऐकून शशिकांतांनी हिंदी सोडली आणि सगळं मोकळेपणाने सांगितलं. जुलैत चार वर्षांनी लांब रजा मिळाली होती. रजा संपली की ओवी पुण्याला मावशीकडे शिकायला राहणार होती.

"माझी नोकरी पाळ्यांची. मी घरी येतो तेव्हा ही शाळेत, ही घरी येते तेव्हा मी झोपलेलो," ते म्हणाले. "मी मराठीत विचारतो, ही इंग्लिशमध्ये उत्तर देते. जायच्या आधी निदान एक गोष्ट आम्ही दोघांनी मिळून करावी असं वाटतं. हिमाचलात धरणाच्या कामावर होतो, तेव्हा तिथल्या एका डोहात मी ट्राउट धरला होता. हिला तिथेच न्यायचंय."

"इन्शाल्ला, तुमची पोर पण धरेल," कासमभाई म्हणाले आणि दोघांना पिंपाकडे घेऊन गेले.

तीन दोऱ्या होत्या. पहिली पाच मोजेपर्यंत तळाला गेली. "ही फार उतावळी. दगडात अडकायची," कासमभाई म्हणाले. दुसरी पंचवीस झाले तरी रेंगाळतच होती. मग माझी पाळी आली. ओवी पिंपावर वाकली आणि मोजू लागली. मोजता मोजता "वन, टू" सोडून ती कधी "पाच, सहा" वर आली ते तिलाही कळलं नाही. बाराला मी तळाला टेकले.

"हीच घ्या," कासमभाई म्हणाले. "बारा मोजायचे, मग हळूच ओढायचं. खलास!"

ते दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. शशिकांतांनी सकाळची पाळी मागून घेतली होती; घराजवळच्या मोकळ्या जागेत रोज संध्याकाळी बापलेकींचा सराव चाले. मला गळाच्या काठीला लावलेलं असे आणि टोकाला गळाऐवजी पिवळ्या लोकरीचा गोंडा. डोक्यावरून विमानं जात. मी वाळूत पडले की दोघं एका सुरात बारापर्यंत मोजत. ओवीचा हात लवकरच बापापेक्षा सफाईने चालू लागला. "बाबा, तुझी फेक वाकडी जाते," असं ती चक्क मराठीत चिडवायची आणि शशिकांतांना आभाळ ठेंगणं व्हायचं. घरी आल्यावर ती स्वयंपाकघरातलं ओलं फडकं घेऊन मला टोकापासून टोकापर्यंत पुसायची. सुहासिनीबाई, म्हणजे तिची आई, फडक्यासाठी रोज ओरडायच्या.

मग आम्ही हिमाचलात गेलो, बापलेक आणि मी. हातात चारच दिवस होते.

डोह तिथेच होता. मोठ्या दगडाआड मासेही होते. पण वितळलेल्या बर्फाचं पाणी नुसतं धावत होतं. ओवीने मला फेकलं, बारा मोजले आणि ओढलं. मित्रांनो, बाराला मी हातभरसुद्धा खाली गेले नव्हते! प्रवाह मला आडवं धरून पुढे घेऊन गेला आणि माझी माशी माशांच्या डोक्यावरून निघून गेली. मला कळत होतं, पण दोरीला तोंड कुठून असणार?

तीन दिवस तेच झालं. चौथ्या दिवशी ओवी बारा झाल्यावरही ओढेना. पाण्याकडे टक लावून ती काहीतरी जोखत होती. एवढ्यात शशिकांतांचा तोल सुटला.

"तुला साधं मोजता येत नाही! दोन महिने शिकवलं ते सगळं पाण्यात!" असं ओरडून त्यांनी तिच्या हातातून काठी ओढून घेतली. मग स्वतः बारा मोजून त्यांनी मला पुन्हा पुन्हा फेकलं. त्यांनाही काही लागलं नाही.

"इट्स ओके, बाबा," ओवी म्हणाली. त्यानंतर पुण्याला पोहोचेपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. मावशीच्या दारात बापाला वाकून नमस्कार केला आणि आत निघून गेली. मला तेव्हा वाटलं, आपण तुटून त्या डोहातच राहिलो असतो तर बरं झालं असतं.

दोहाला परतल्यावर मला गाडीच्या डिकीत टाकलं ते तिथेच. न धुता, घट्ट गुंडाळलेली. ऑगस्टमध्ये ती डिकी म्हणजे भट्टीच. माझं वेष्टन आधी चिकट झालं, मग कडक, मग त्याला भेगा गेल्या. पुढच्या सीटवरून शशिकांतांचे शुक्रवारचे फोन ऐकू येत. ओवी जेवढ्यास तेवढं बोलायची. फोन संपला की ते बराच वेळ गाडी सुरू करत नसत. अशी दीड वर्षं गेली.

२००१ च्या फेब्रुवारीत ते सामान बांधायची दोरी घ्यायला नजमात आले. कासमभाई ती डिकीत ठेवायला गेले आणि मला बघून जागीच थबकले.

"ओ साहेब, काय दशा केलीत हिची!"

"काय करू हिचं? पोरीला मोजता आलं नाही. सगळा विचका झाला."

"पाणी कसं होतं?"

"बर्फाचं. जोरात वाहत होतं."

कासमभाईंनी कपाळावर हात मारला. "मग पोरीची काय चूक हो? माझ्या पिंपातलं पाणी साचलेलं! वाहत्या पाण्यात ही बारा मोजेपर्यंत कशी जाईल तळाला? ती उतावळी दोरी द्यायला हवी होती, नाहीतर प्रवाहाच्या वर फेकून जास्त मोजायला सांगायला हवं होतं. खाडीत ओहोटीचा जोर बघून शिशाचं वजन बदलणारा माणूस मी. पंधरा वर्षं इथे पिंप बघतोय, वाहतं पाणी कसं असतं तेच विसरलो. चुकलो मी, साहेब."

शशिकांत डिकीच्या कडेवर बसले. "तुम्ही दोरीत चुकलात, कासमभाई," ते हळूच म्हणाले. "ओरडलो मी."

कासमभाईंनी त्यांना आत नेलं, मलाही उचलून गल्ल्यावर ठेवलं, खिशातलं परदेशी बोलायचं फोनचं कार्ड दिलं आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले.

"ओवी, तू बरोबर मोजलं होतंस," पुण्याला फोन लावून शशिकांत म्हणाले. "नदीत बारा पुरणारच नव्हते. मलाही मासा लागला नव्हता, ते मी कधी बोललोच नाही. तुझ्यावर उगाच ओरडलो. चुकलं माझं."

पलीकडून काहीच आवाज नाही. मी सवयीने मोजू लागले. आठ. दहा. बारा झाले. शशिकांतांनी फोन तसाच कानाला धरून ठेवला होता. एकोणिसाला ओवीचा आवाज आला, आणि तो मराठीत होता.

"मला दिसत होतं, बाबा. दोरी खाली जातच नव्हती. मी तुला तेच सांगणार होते. पण तू काठी काढून घेतलीस."

 शशिकांत होकारार्थी मान हलवत राहिले, आणि ती तिला पुण्यात कशी दिसणार?

त्या संध्याकाळी त्यांनी मला कोमट पाण्यात धुतलं आणि सैल वेटोळं करून खिळ्याला टांगलं. पण पडलेल्या भेगा धुऊन जात नाहीत. मी आता पुन्हा पाण्यात उतरणार नाही. ओवी येत्या सुट्टीत दोहाला येते की नाही, तेही अजून ठरलेलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी दोरी तुमच्या हाती आली, तर तिला गोड्या पाण्याने धुवा, सैल गुंडाळा, उन्हात तापणाऱ्या गाडीत विसरू नका. आणि तुमच्या शेजारी कोणी गप्प राहून पाण्याकडे बघत असेल, तर त्याच्या हातातली काठी ओढून घेऊ नका. बारा झाले तरी थांबा.