फळ्याला न जमलेली गोष्ट

मी एक जुना फळा आहे. घोडपदेवच्या आमच्या चाळीत जिन्याखाली माझी पन्नास वर्षं गेली. दर एप्रिलात जयंतीच्या आधी मला नवा काळा रंग मिळायचा आणि मग वर्षभर मी ऐटीत असायचो. पाणी किती वाजता येणार, बैठक कधी, कुणाच्या लेकीचं लग्न ठरलं, सगळं माझ्याच अंगावर. मित्रांनो, साऱ्या चाळीने एका जागी लिहायचं, हे मी केव्हापासून करतोय! नियम एकच होता, लिहील त्याने आधी मला स्वच्छ पुसायचं. सुंदराबाईंनी हे काम तीस वर्षं केलं, तेही ओल्या फडक्याने. इतक्या मायेने मला दुसऱ्या कुणी हात लावला नाही.

आता चाळ पाडायची ठरली आहे. त्याआधी सगळ्यांच्या आठवणींचं पुस्तक करायचं, म्हणून सुंदराबाईंची मुलगी संघमित्रा सर्वांना मिळून लिहिता येईल असं ऑनलाइन ॲप शोधू लागली. शेजारच्या अनिशने एक देखणं ॲप आणलं. तिला दुसरं आवडलं, साधं, स्वस्तातल्या फोनवरही उघडणारं. ते सरकारी अर्जासारखं दिसतं, असं अनिशचं म्हणणं. वाद मिटेना, तेव्हा साध्यावर काही पानं लिहून बघायचं ठरलं. संघमित्राचे वडील रामजी माझ्यासमोर खुर्ची टाकून बसले. ते गिरणीतले दिवस सांगत गेले, ती टाइप करत गेली. महिन्याभरात रामजी वारले. त्यांचे शब्द तेवढे त्या पानांत राहिले.

एका दुपारी सुंदराबाई फोन घेऊन माझ्याजवळ लिहायला बसल्या. संघमित्राने डोकावून पाहिलं, तर सगळी पानं कोरी. वर फक्त आईची एक ओळ.

"आई, बाबांचं लिहिलेलं कुठे गेलं?"

"पुसलं ना. लिहायच्या आधी पुसायला नको?" त्या सहज म्हणाल्या. मग लेकीचा चेहरा पाहिला आणि त्यांनी घाईने अनिशला हाक मारली.

मला माझीच लाज वाटली. ती सवय मीच लावली होती. आणि पुसलेलं एक अक्षरही मी कधी कुणाला परत दिलेलं नाही.

हाक ऐकून अनिश धावत आला. त्याने त्याच साध्या ॲपमध्ये आधीच्या दिवसांच्या प्रती उघडल्या, कालच्या तारखेवर बोट ठेवलं, आणि रामजी ओळीओळीने परत आले. "माझ्यावाल्यात हे नाहीये, ताई," तो हळूच म्हणाला. वाद तिथेच संपला. सुंदराबाईंची ओळ संघमित्राने रामजींच्या पानांखाली ठेवली. 'हे चहा बशीतूनच प्यायचे, तेवढं सांगायचं राहिलं.'

त्या साध्या पानांचे उपकार मी विसरणार नाही. मला जे जमलं नाही, ते त्यांनी माझ्या सुंदराबाईंसाठी केलं.

आज सकाळी त्या फडकं घेऊन आल्या. माझ्यावर कालची पाण्याची वेळ होती. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली, फोनने फोटो काढला आणि मगच मला पुसलं.

मित्रांनो, पुसायला माझी हरकत नाही, माझा जन्मच त्यासाठी आहे. पण आधी एकदा वाचत जा. काही माणसं पुन्हा लिहायला येत नाहीत.