विहिरीच्या निकालाची घंटी

मित्रांनो, गप्प बसणं माझ्या स्वभावातच नाही. कुणी टेबलाला नुसता धक्का दिला तरी मी किणकिणते. मी वकिलाच्या टेबलावरची पितळी घंटी. आता म्हातारी झाले, कपाटात पडून असते, तरी दार करकरलं की वाटतं, आला कुणीतरी, उचलली मला. येतं ते झुरळ, ते सोडा.

पुण्याच्या एका ओताऱ्यानं मला घडवलं. कानाशी धरून वाजवलं आणि म्हणाला, "ही कुणाला झोपू देणार नाही." मग बारामतीचे तात्या वकील मला घेऊन आले. तात्या म्हणजे चष्मा कपाळावर, तपकीर कोटावर आणि शब्द तोलून मापून. अशील फार पाल्हाळ लावायला लागला की ते मला हलवायचे. माझा आवाज खणखणीत आहे असं सगळी वकील मंडळी म्हणायची, आणि मलाही ते बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

नवी राज्यघटना लागू होऊन थोडीच वर्षं झाली होती. पुण्यात कायदा शिकणारी आमच्या भागातली पोरं दिवाळीला घरी यायची. तात्यांनी त्यांच्यासाठी अभिरूप न्यायालयाची चढाओढ ठेवली. म्हणजे कोर्ट खोटं, खटला खोटा, पण वाद मात्र खऱ्या कायद्यावर. जिंकेल तो मुंबईच्या मोठ्या चढाओढीला जाणार होता. तात्या न्यायाधीश आणि वेळ संपल्याची वर्दी द्यायला मी. एकदा वाजले की आवरतं घ्या, दोनदा वाजले की बसा.

खटला विहिरीचा होता. विहीर पाटलाच्या रानात, तिची दुरुस्ती लोकल बोर्डाच्या पैशातून झालेली, आणि गावातल्या काही घरांना जातीपायी तिथं पोहरा सोडायला मनाई. नावं बदलली होती, पण विहीर खरीच होती. कळस गावाच्या बाजूला महिपतीची वाडी होती, तिथली. महिपती हा स्पर्धेतला सगळ्यात हुशार पोरगा, आणि मनाई त्याच्याच घराला होती. त्याची आई बनाबाई तासन्‌तास ओढ्यात झरा उकरून पाणी भरायची. हे त्यानंच तात्यांना सांगितलं होतं.

अशा स्पर्धेत कुणी कुठली बाजू मांडायची ते चिठ्ठी ठरवते. मनात काय आहे ते कुणी विचारत नाही. चिठ्ठ्या निघाल्या. बड्या बागायतदाराचा मुलगा मानसिंग पाणी मागणाऱ्यांच्या बाजूनं, आणि महिपती पाटलाच्या बाजूनं. तात्यांचा चेहरा उतरला. महिपती म्हणाला, "चालेल तात्या. वकिलाला दोन्ही बाजू यायला पाहिजेत."

सुट्टीच्या दिवशी परवानगी काढून कोर्टाच्या खऱ्या कचेरीतच बैठक भरली. तिथंच घोटाळा झाला. वाडीत बातमी गेली होती की बारामतीच्या कोर्टात विहिरीची केस लागलीय आणि आपला महिपती वकील आहे. बनाबाई आणि वाडीची माणसं मागं येऊन बसली. दाराशी पाटलाचा गडी गेणूही उभा होता, निकाल ऐकून मालकाला सांगायला.

मानसिंग आधी बोलला. समता, माणुसकी, टाळ्या. पण मुद्द्याचं कलम त्यानं वाचलंच नव्हतं. मग महिपती उठला. मालमत्तेचा हक्कही मूलभूतच आहे, रान पाटलाचं तर विहीर पाटलाची, असं त्यानं एकेक करून बांधत आणलं. तो जिंकत होता, मित्रांनो. मला मात्र एका जागी बसवेना. वेळ संपली नव्हती, तरी मी वाजले.

तेवढ्यात बनाबाई उभी राहिली. "महिपा, कुनाच्या बाजूनं बोलतुयास रं तू?"

तेव्हा कुठं महिपतीला आई दिसली, दाराशी गेणू दिसला. आपण जिंकलो तर विहीर कायमची बंद झाली असंच ही माणसं समजणार, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याची वेळ संपत आली होती. तात्यांचा हात माझ्या मुठीवर आला. वाजवू नका हो, असं मला ओरडावंसं वाटत होतं.

"महाराज," महिपती म्हणाला, "माझ्याविरुद्ध जाणारं एक कलम समोरच्या वकिलांनी सांगितलं नाही. मला ते माहीत आहे, म्हणून कोर्टापासून लपवता येणार नाही. कलम पंधरा, पोटकलम दोन. सरकारी पैशातून राखलेल्या विहिरीवर जातीवरून कुणालाही अडवता येत नाही. लोकल बोर्डाचा पैसा त्यातच येतो."

"तुम्ही हरताय, कळतंय ना?"

"कळतंय."

तात्यांनी निकाल दिला. विहीर सगळ्यांची. मुंबईला मानसिंग.

बाहेर महिपती आईला कळवळून सांगत होता, "आई, ह्ये खरं कोर्ट न्हाय. ह्यो निकाल खरा न्हाय."

"तू वाचलास त्यो कायदा खरा हाय का?"

"व्हय."

"मग झालं तर," असं म्हणून बनाबाई चालू लागली.

मारामारी होईल या धास्तीनं तात्यांनी महिपतीला तिच्या मागोमाग पिटाळलं. मग वाडीकडून काही कळेना. तात्या येरझाऱ्या घालत, उगाच मला उचलत, परत ठेवत. माझा जीव नुसता टांगणीला.

शेवटी महिपती आला. हातात तांब्या. बनाबाईनं दिवसाउजेडी पोहरा सोडला होता. काठीवाली माणसं पुढं झाली, तेव्हा गेणूच मध्ये पडला. कोर्टाचा निकाल मी माझ्या कानानं ऐकलाय, म्हणाला. कोर्टाचं नाव ऐकून पाटील घरात गेला.

"आईनं धाडलंय," महिपती म्हणाला. "म्हणाली, जजसायबास्नी दे."

तात्यांनी तांब्या तोंडाला लावला. पिता पिता थोडं पाणी माझ्यावर सांडलं. त्यांनी ते पुसलं नाही. मी वाळले, आणि कडेवर हिरवट डाग राहिला.

तात्या गेले, महिपती मोठा वकील होऊन दूर गेला, आणि मी कपाटात आले. तर मित्रांनो, कधी कपाट उघडलंत तर मला बाहेर काढा. चिंच लावून घासा, हवी तेवढी वाजवा, मला आवडेल. तो डाग तेवढा राहू द्या. बनाबाईनं शेंदलेलं पाणी आहे ते.