तीन दोऱ्यांचे जहाज

मी एक जुने लाकडी विमानवाहू जहाज आहे. लांबी सव्वादोन फूट. समुद्र मी कधी पाहिलेला नाही. सोलापुरातल्या एका मागाच्या शेडमध्ये, फळीवर, माझे सारे आयुष्य गेले. हसू नका, मित्रांनो.

१९७४ साली नौदलातला गुरुलिंग रजेवर घरी आला. त्याची आई काशम्मा हिला एकच घोर लागला होता. पाण्यावर विमान उतरते तरी कसे, आणि आपला लेक तिथे करतो काय? तिला दाखवायला म्हणून गुरुलिंगने आणि त्याचे वडील संगप्पा यांनी मोडक्या मागाच्या सागवानातून मला घडवले. तेलाच्या डब्याच्या पत्र्याची सहा विमाने कापली. उतरायची पट्टी तिरकी आखली, म्हणजे विमान चुकले तरी पुढे उभ्या असलेल्यांवर न आदळता पुन्हा उडून जाते. परदेशात अणुशक्तीवर चालणारी, ऐंशी-ऐंशी विमाने नेणारी जहाजे निघाली आहेत, असे गुरुलिंग सांगे तेव्हा माझीही छाती फुगे.

माझ्या पाठीवर चार सुती दोरे आडवे ताणले. खऱ्या जहाजावर तिथे पोलादी तारा असतात. उतरणाऱ्या विमानाचा आकडा तारेत अडकतो आणि विमान थांबते. त्या तारा सांभाळणे हेच गुरुलिंगचे काम.

"म्हंजी आमच्या धोट्यागतच की!" संगप्पा खूश झाला. मागावर आडवे सूत नेणारा धोटा सुसाट येतो आणि टोकाच्या पेटीतला चामडी पट्टा त्याला अडवतो. मग काय, स्वारी दिवसभर लहान मुलासारखी विमाने उतरवत बसली. एक दोरा तुटला. संगप्पाने लगेच विणकराची बारीक गाठ मारली.

"अप्पा, तितं गाठ चालत न्हाई," गुरुलिंग म्हणाला. "अमुक इतकी विमानं उतरली की तार धडधाकट दिसली तरी बदलत्यात. तुमचा पट्टाबी बदला. तीनदा शिवलाय."

"चांगली वस्तू टाकायची व्हय? माझ्या शिवणीला आजवर काय झालंय?"

तुटलेले सांधून माग चालता ठेवायचा, यातच त्याची चाळीस वर्षे गेली होती. रजा संपताच गुरुलिंग परत गेला.

चार महिन्यांनी, भर दुपारी, ती शिवण उसवली. धोटा पेटीत थांबलाच नाही. उसळला आणि शेजारी सुताच्या कांड्या भरणाऱ्या काशम्माच्या उजव्या डोळ्यावर बसला. मी फळीवरून सगळे पाहिले. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती कलंडली. डोळा गेला.

माझ्यावरची धूळ तीच पुसायची. आता ती साचू लागली. दोन विमाने हरवली, कुणी शोधली नाहीत. मला त्याचे वाईट वाटले नाही. त्या घरात वाईट वाटण्यासारखे दुसरे पुष्कळ होते.

गुरुलिंग आला. आईचा चेहरा पाहिला. मला खाली घेऊन त्याने गाठीचा दोरा कापून टाकला. संगप्पाने नवा दोरा काढून बांधायला घेतला.

"शिव्या तरी दे की रं मला," तो म्हणाला.

"नगा बांधू," काशम्मा म्हणाली. "ऱ्हाऊ द्या तसंच."

आता दर अमावास्येला, माग बंद असतो तेव्हा, संगप्पा धड दिसणारा पट्टाही काढतो. नवा आधी काशम्माच्या हातात देतो. ती बोटांनी चाचपते आणि मान हलवते.

मित्रांनो, तुमच्या घरी अशी एखादी शिवण असेल तर आज बघा, उद्यावर टाकू नका. इथे पट्टा आता नेहमी नवा असतो. तरीही माग सुरू झाला की काशम्मा उरलेल्या डोळ्यावर हात धरते.